टीव्हीवर ब्रेकिंग, दारात पाणी: सीमाभागातल्या प्रेक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सुरू झाला, कुठे दरड कोसळली किंवा महामार्गावर दगडफेक झाली, की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कारवार भागातली माणसं तेच तेच प्रश्न विचारतात. हे टीव्हीवाले सांगतात ते खरं का? आमचं गाव का दाखवत नाहीत? घाबरायचं की नाही? या भागात मी बातमीदारी केली आहे, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं एका जागी लिहून ठेवावीत असं बरेच दिवस मनात होतं. आपल्याकडची बातमी तयार होते मुंबईत नाहीतर बेंगळुरूत, आणि पाणी चढतं ते इथे. हे अंतर ओळखून टीव्ही पाहिला तर तो आणीबाणीत उपयोगी पडतो. न ओळखता पाहिला तर जिथे धोका नाही तिथे घाबरवतो आणि जिथे आहे तिथे गाफील ठेवतो.

आमच्या गावात पाणी शिरलं की ती बातमी टीव्हीपर्यंत पोहोचते कशी?

बहुतेक वेळा एका माणसामुळे. त्याला या धंद्यात स्ट्रिंजर म्हणतात. तो सहसा वाहिनीचा पगारी नोकर नसतो, बातमीमागे मानधन घेतो आणि बऱ्याचदा दोन-तीन ठिकाणी काम करतो. बेळगावात राहून त्याला कणकुंबीच्या जंगलापासून अथणीच्या उसापर्यंत सगळा जिल्हा सांभाळायचा असतो. पोलीस, अग्निशमन दल, सिव्हिल हॉस्पिटलमधले ओळखीचे आणि गावोगावची पोरं त्याला खबर देतात.

तो मोबाइलवर आलेला व्हिडिओ आणि दोन ओळी वाहिनीच्या इनपुट डेस्ककडे, म्हणजे बातम्या गोळा करणाऱ्या विभागाकडे, पाठवतो. डेस्कला पटलं की आधी खालच्या पट्टीवर एक ओळ येते. मग त्याचा फोनो होतो, म्हणजे पडद्यावर त्याचा फोटो आणि फोनवरचा आवाज. मग दृश्यं येतात. प्रकरण मोठं वाटलं तरच कोल्हापूरहून किंवा हुबळीहून प्रतिनिधी आणि कॅमेरामन निघतात. तोवर निम्मा दिवस गेलेला असतो.

बेळगावहून मुंबई आणि बेंगळुरू दोन्ही साधारण पाचशे किलोमीटरवर. डेस्कवर बसलेल्या माणसाने यमगर्णी, लोळसूर किंवा कुडची पाहिलेली असेलच असं नाही. म्हणून गाव, तालुका आणि नदी ही तीन नावं स्ट्रिंजरने नीट लिहिली नाहीत, तर पट्टीवर नुसतं ‘बेळगावात पूर’ असं येतं आणि बेळगाव शहरात टिळकवाडीत राहणाऱ्या माणसाला पुण्याहून लेकीचा घाबरून फोन येतो. पाणी असतं ऐंशी-शंभर किलोमीटर लांब, कृष्णाकाठी.

मराठी वाहिन्यांचा पूर महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कागलपाशी येऊन थांबतो, असं का?

याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत. टीव्हीची प्रेक्षकसंख्या मोजणारी बार्क ही संस्था बाजारपेठा राज्यांप्रमाणे पाडते. मराठी बातम्यांचा हिशोब महाराष्ट्र-गोव्याच्या बाजारपेठेत होतो. निपाणीत घरात मराठी वाहिनी दिवसभर चालू असली, तरी निपाणी मोडते कर्नाटकात. मराठी वाहिनीचा जाहिरातदार महाराष्ट्र-गोव्याचा आकडा पाहतो, कर्नाटकातला नाही. शिवाय वाहिनीचे मंत्रालयातले, जलसंपदा खात्यातले, कोल्हापूर-सांगलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातले संपर्क तयार असतात. बेळगावच्या डीसी ऑफिसात, म्हणजे तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयात, तेवढी ओळख नसते आणि तिथली टिपणं कन्नडमध्ये निघतात.

कन्नड वाहिन्यांचं केंद्र बेंगळुरू. बेळगावला त्यांच्या गाड्या दरवर्षी येतात त्या सुवर्ण विधानसौधातल्या हिवाळी अधिवेशनासाठी. म्हणजे सीमेवरचं मराठी गाव एका भाषेच्या वाहिनीला हद्दीबाहेरचं आणि दुसऱ्या भाषेच्या वाहिनीला टोकाचं.

2019 चा ऑगस्ट आठवा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा, दूधगंगा, वेदगंगा, सगळ्याच एकदम उसळल्या होत्या. गोकाक बुडत होतं, चिकोडी-रायबागची गावं रिकामी होत होती, रामदुर्गात घरं पडत होती. पण 5 ऑगस्टला संसदेत कलम 370 चा निर्णय झाला आणि 6 ऑगस्टला सुषमा स्वराज गेल्या. देशपातळीवरच्या वाहिन्यांनी पुराकडे पाहिलं ते फार उशिरा. त्यानंतर मराठी वाहिन्यांनी कोल्हापूर-सांगली उचललं, आणि ते उचलायलाच हवं होतं. पण तोच पूर खाली येऊन आमच्या मळ्यांवर दिवसेंदिवस उभा होता, त्याला पडद्यावर जागा फार थोडी मिळाली. याचं दुःख मला आजही आहे, कारण जे दिसत नाही तिथे मदतीचे ट्रकही कमी जातात.

‘राधानगरीचे दरवाजे उघडले!’ असं लाल अक्षरात आलं की आम्ही सामान बांधायचं का?

आधी आकडा पाहा आणि मग नदी पाहा.

राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला गेलं की ते आपोआप उघडतात आणि एका दरवाजातून 1428 क्युसेक पाणी सुटतं. सातही उघडले तर साधारण दहा हजार. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे 28.3 लिटर. आता दुसरा आकडा बाजूला ठेवा: 2019 च्या पुरात कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या अलमट्टी धरणातून पाच लाख क्युसेकहून जास्त पाणी सोडावं लागलं होतं. टीव्हीवर दोन्ही बातम्यांना तीच लाल पट्टी, तोच धडधडणारा आवाज. प्रेक्षकाच्या छातीत दोन्ही वेळा सारखंच धस्स होतं.

आणखी एक हिशोब घरी लिहून ठेवण्यासारखा आहे. एखाद्या ठिकाणी एक लाख क्युसेक पाणी चोवीस तास वाहिलं, तर 8.64 टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, पाणी पुढे जातं. कोयनेची क्षमता 105.25 टीएमसी, हिडकलची सुमारे 51, अलमट्टीची 519.60 मीटर पातळीला सुमारे 123. हे समजलं की ‘धरण 90 टक्के भरलं’ या वाक्याची भीती कमी होते, कारण प्रश्न असतो तो उरलेल्या जागेचा आणि येणाऱ्या पाण्याचा. वाहिनी टक्के सांगते, विसर्ग सांगते, पण धरणात किती पाणी येतंय हे क्वचित सांगते. तेच विचारायला हवं.

आता नदी. खानापूरची माणसं कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी डोळ्यांत तेल घालून पाहताना मी पाहिली आहेत. पंचगंगेची तिथली इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे मराठी वाहिन्यांमुळे सगळ्यांना तोंडपाठ. पण खानापूरला पंचगंगेशी काही देणंघेणं नाही. तुमची मलप्रभा, ती कणकुंबीत उगम पावते आणि कणकुंबी-जांबोटीच्या पावसावर चढते. तिथे रात्रभर कोसळला तर कोल्हापुरात ऊन पडलं असलं तरी तुम्ही सावध व्हायचं.

कोण कुठल्या पाण्यावर आहे ते असं: कृष्णाकाठच्या चिकोडी, रायबाग, कागवाड, अथणी भागाला कोयना, वारणा आणि पंचगंगा या सगळ्यांचं पाणी येतं. पंचगंगा नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळते आणि शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून हे एकत्र पाणी कर्नाटकात उतरतं. म्हणून तुमच्यासाठी राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग हा सगळ्यांत कामाचा आकडा. निपाणीकरांनी वेदगंगेवर आणि दूधगंगेवर, म्हणजे पाटगाव आणि काळम्मावाडी धरणांवर लक्ष ठेवावं. संकेश्वरला हिरण्यकेशी आंबोलीकडून येते. गोकाकला घटप्रभेवरच्या हिडकलचा विसर्ग, हिरण्यकेशी आणि मार्कंडेय तिन्ही मोजावे लागतात. तिन्हींचा जोर एकाच वेळी आला की गोकाकच्या खालच्या पेठा आणि लोळसूरचा पूल सापडतात.

दरवर्षी मराठी वाहिनीवर पाण्याच्या फुगवट्यासाठी अलमट्टी खलनायक ठरते आणि कन्नड वाहिनीवर ‘महाराष्ट्राने पाणी सोडलं’ हे वाक्य चालतं. दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात तुम्ही राहता. चर्चेतले पाहुणे भांडत असताना टीव्हीचा आवाज बंद करा आणि खाली पट्टीवर आकडा येतोय का तेवढं पाहा.

रेड अलर्ट म्हणजे पूर येणारच ना?

नाही. हवामान खात्याचे रंग पावसाचे आहेत, नदीचे नाहीत. चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार पाऊस, 115.6 ते 204.4 म्हणजे अति जोरदार, त्याच्या पुढे अत्यंत जोरदार. पिवळ्याचा अर्थ लक्ष ठेवा, केशरीचा तयारीत राहा, लाल म्हणजे पावलं उचला.

सीमाभागात एक घोळ कायम होतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगडचा इशारा मुंबईच्या केंद्रातून निघतो आणि खानापूरचा बेंगळुरूच्या. ढग तेच असले तरी दोन जिल्ह्यांचे रंग वेगळे दिसू शकतात. मराठी वाहिनीच्या नकाशावर बेळगाव बहुधा नसतोच, म्हणून कोल्हापूरचा रंग पाहून आपला ठरवला जातो. तसं करू नका. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं ‘सचेत’ ॲप जिल्ह्याप्रमाणे इशारे देतं. शेतात काम करणाऱ्यांनी विजेसाठी ‘दामिनी’ही ठेवावं, वळवाच्या दिवसांत ते खरंच जीव वाचवू शकतं.

कोपऱ्यात ‘लाइव्ह’ लिहिलेलं असतं. ते तेव्हाचंच असतं का?

निवेदक लाइव्ह असतो. त्याच्या मागची दृश्यं बऱ्याचदा सकाळची, कधी कालचीही असतात. वीस सेकंदांचा एकच तुकडा तासभर फिरवला जातो, कारण दुसरं काही आलेलं नसतं. पाहणाऱ्याला वाटतं पाणी वाढतंच आहे.

तपासायला काही खुणा आहेत. गाड्यांच्या पाट्या पाहा: केए-22 बेळगाव, केए-23 चिकोडी, केए-49 गोकाक, एमएच-09 कोल्हापूर, एमएच-10 सांगली. दुकानांच्या फलकांची भाषा, बसचा रंग, आकाश ढगाळ की उघडं, माणसांच्या सावल्या. ‘धरण फुटलं’ म्हणून दर पावसाळ्यात फिरणाऱ्या व्हिडिओत तर आजूबाजूची माती आणि झाडंही आपल्याकडची नसतात.

ही अफवा पुढे पाठवणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की आपत्तीबद्दल खोटी घबराट पसरवणं हा आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 54 खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड.

बातमीदार कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून का बोलतो?

डेस्क ते मागतो म्हणून. त्याला वॉकथ्रू म्हणतात. मला हा प्रकार मुळीच मान्य नाही. पुराच्या पाण्याखाली विहीर, गटार, तारेचं कुंपण काहीही असतं, आणि त्याचं पाहून गावातली पोरं मोबाइल घेऊन उतरतात. पाण्याची खोली दाखवायला विजेच्या खांबावरची खूण किंवा पुलाचा कठडा पुरेसा असतो.

तुमच्या गावात असा कोणी आला तर त्याला दादापुता करून बाहेर बोलवा, चहा द्या आणि उंचावरची जागा दाखवा. त्याचं घरदार आहे.

ऐन वेळी ‘संपर्क तुटला’ असं का होतं?

आता ओबी व्हॅनऐवजी, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाडीऐवजी, पाठीवरच्या पिशवीतलं यंत्र जास्त वापरतात. त्यात वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं असतात आणि ती सगळी मिळून चित्र पाठवतात. पुरात आपली वीज कंपनी हेस्कॉम सुरक्षेसाठी वीज बंद करते, टॉवरची बॅटरी आणि डिझेल संपतं, आणि पिशवी आंधळी होते. ओबी व्हॅन उपग्रहावर चालते, पण मुसळधार पावसात तिचाही सिग्नल विरतो. तुमच्या घरच्या डिशचं तेच होतं.

मग सगळ्यांत गरज असते तेव्हाच आमचा टीव्ही बंद पडतो. तेव्हा काय करायचं?

बॅटरीवर चालणारा रेडिओ घरात ठेवा. सीमाभागात आकाशवाणीची धारवाड आणि सांगली केंद्रं पूर्वापार ऐकली जातात. मोबाइलची बॅटरी व्हिडिओ पाहण्यात घालवू नका.

तातडीच्या मदतीला 112, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला 1077, रुग्णवाहिकेला 108, विजेच्या तारेसाठी 1912. सीमेलगत मोबाइल कधी कधी पलीकडच्या राज्याच्या टॉवरला लागतो, म्हणून फोन उचलल्यावर पहिल्याच वाक्यात राज्य, जिल्हा, तालुका, गाव सांगा. नुसतं ‘नदीकाठी अडकलोय’ म्हणू नका. महामार्गाचा किलोमीटर दगड, देवळाचं नाव, शाळेचं नाव, जे दिसेल ते सांगा. आणि गावातल्या पीडीओचा (पंचायत विकास अधिकाऱ्याचा), तलाठ्याचा नंबर पाऊस लागायच्या आधी कागदावर लिहून भिंतीला लावा.

इशारे आणि नोटिसा फक्त कन्नडमध्ये येतात. आमच्या आईला कन्नड वाचता येत नाही. हे मागायचा हक्क आहे का?

आहे. भाषिक अल्पसंख्याकांसाठी देशात मान्य झालेल्या तरतुदींनुसार, ज्या जिल्ह्यात किंवा तालुक्यात एखाद्या अल्पसंख्याक भाषेचे लोक 15 टक्के किंवा जास्त असतील, तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही द्यायच्या असतात. खानापूर, बेळगाव, निपाणीत मराठी लोक किती आहेत हे सांगायला नको.

मी हा विषय सीमावादात मुद्दाम मिसळत नाही. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथे चालेल. पण ‘रात्री दहानंतर पाणी वाढेल, काळजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या छावणीत) या’ हे वाक्य म्हाताऱ्या आईला तिच्या भाषेत कळणं हा जीव वाचवण्याचा प्रश्न आहे. ग्रामपंचायतीकडे आणि तहसीलदारांकडे लेखी अर्ज करा, पोच घ्या. दवंडी आणि रिक्षावरचा भोंगा दोन्ही भाषांत फिरवायची मागणी तर कुठलाही समंजस अधिकारी मान्य करतो. गावातल्याच एखाद्या मुलीला ध्वनिफीत तयार करून द्यायला सांगा. केबलवरच्या स्थानिक वाहिन्या या बाबतीत मोठ्या वाहिन्यांपेक्षा कितीतरी कामाच्या आहेत. कुठला पूल बंद, कुठली शाळा बंद, कुठे बस वळवली, हे त्या गल्लीच्या नावासकट सांगतात. त्यांची दृश्यं साधी असतात, पण आणीबाणीत मी आधी त्याच लावतो.

निपाणीजवळ हायवे बंद झाला की कुणाचं ऐकायचं?

2019 आणि 2021 मध्ये वेदगंगेच्या पाण्यामुळे यमगर्णीजवळ आणि पंचगंगेच्या पाण्यामुळे कोल्हापूरच्या शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला होता. मराठी वाहिनी शिरोलीचं सांगत होती, कन्नड वाहिनी यमगर्णीचं. बेळगावहून निघालेल्या ड्रायव्हरला दोन्ही कळायला हवं होतं. निघण्याआधी दोन्ही बाजूंच्या पोलिसांची माहिती घ्या, किंवा सरळ निपाणी आणि कोल्हापूरच्या बस आगारात फोन करा. बस सुटतेय की नाही हे उत्तर ठाम असतं.

मृतांचा आकडा प्रत्येक वाहिनीवर वेगळा का?

कुणी घटनास्थळीच्या माणसाचं ऐकून सांगतं, कुणी रुग्णालयातल्या नोंदीवरून, कुणी पोलिसांच्या टिपणावरून. बेपत्ता माणसांना मृतांत धरायचं की नाही यातही फरक पडतो. पहिल्या तासातला आकडा धरून बसू नका. ‘कोणी सांगितलं’ हे वाहिनीने सांगितलं नसेल, तर तो आकडा नातेवाइकांना कळवू नका.

बोअरवेलमध्ये मूल पडलं की दिवस-रात्र लाइव्ह दाखवतात. त्याचा उपयोग होतो का?

2006 मध्ये हरियाणातल्या कुरुक्षेत्र जिल्ह्यात असं एक मूल पडलं, सुमारे दोन दिवसांनी जिवंत निघालं आणि सगळा देश टीव्हीसमोर बसला होता. तेव्हापासून ही एक ठरलेली रीतच झाली. एप्रिल 2017 मध्ये आपल्याच अथणी तालुक्यात झुंजरवाड गावी सहा वर्षांची मुलगी बोअरवेलमध्ये पडली. यंत्रं आली, जवान आले, कॅमेरे आले. दोन दिवसांहून अधिक झटूनही ती वाचली नाही.

कॅमेऱ्यामुळे सरकारी यंत्रणा झटकन हलते, हे मी मान्य करतो. पण गर्दीही वाढते, आणि खोदकाम चालू असलेल्या जमिनीभोवती गर्दी म्हणजे धोका. आईच्या तोंडासमोर माइक धरून ‘तुम्हाला काय वाटतंय’ विचारणं हे तर कुठल्याच बातमीत बसत नाही. त्या प्रश्नाच्या उत्तरातून कुणालाही काही नवीन कळत नाही.

विचारायचा प्रश्न वेगळा आहे. उघड्या बोअरवेल झाकायच्या, भोवती कुंपण घालायचं, फलक लावायचा, निकामी बोअर बुजवायची, या सूचना सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच दिल्या आहेत. त्या गावात त्या पाळल्या होत्या का, आणि आज शेजारच्या गावात किती बोअर उघड्या आहेत? ही बातमी एका दिवसात चित्रित होते आणि पुढचं मूल वाचवते.

तुमच्या घरावर अशी वेळ आली, तर एक पक्कं लक्षात ठेवा: बातमीदाराशी बोलायलाच हवं असा कुठलाही कायदा नाही. घरातल्या एका शांत माणसाला बोलायला पुढे करा, बाकीच्यांना आत ठेवा. अत्याचारग्रस्त व्यक्तीची आणि कायद्याच्या कचाट्यात किंवा संकटात सापडलेल्या मुलांची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. चेहरा झाकून गावाचं, शाळेचं आणि बापाचं नाव सांगणं हेही त्या बंदीत येतं.

एकाच माणसाची बातमी महिनाभर चालते आणि बाकीच्यांची एक दिवस. का?

कारवारकडच्या वाचकांनी हा प्रश्न शिरूरच्या दरडीनंतर फार विचारला. 16 जुलै 2024 ला अंकोला तालुक्यात शिरूरजवळ राष्ट्रीय महामार्ग 66 वर डोंगर खाली आला. रस्त्याकडेच्या चहाच्या टपरीचं कुटुंब गेलं. माती गंगावळी नदीत कोसळून उसळलेल्या लाटेने पलीकडच्या काठावरचं उळुवरे गाव झोडपलं. आणि केरळचा एक ट्रकचालक बेपत्ता झाला. त्याच्या घरच्यांनी हार मानली नाही, मल्याळम वाहिन्यांनी तिथे तळ ठोकला, दोन सरकारांवर दबाव आला, आणि शेवटी सप्टेंबरमध्ये ट्रक नदीतून बाहेर काढला गेला.

मल्याळम वाहिन्यांनी आपल्या माणसासाठी जे केलं त्याबद्दल मला आदर आहे. आक्षेप आहे तो आपल्यावर. त्या रस्त्यावर रोज जाणाऱ्या, त्या काठावर राहणाऱ्या माणसांसाठी तेवढाच हट्ट त्यांच्या भाषेच्या वाहिन्यांनी धरला नाही. डोंगर असा कापला का, हा प्रश्न पहिल्या आठवड्यानंतर पडद्यावरून जवळपास गायब झाला.

बसला काळं फासलं, दगडफेक झाली, असं दिसलं की आम्ही गावाला जायचं रद्द करायचं का?

6 डिसेंबर 2022 ला सीमावादातून बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले. फेब्रुवारी 2025 मध्ये बेळगाव तालुक्यात भाषेवरून बस कंडक्टरला मारहाण झाल्याची बातमी आली, मग एकमेकांच्या बसना काळं फासलं गेलं आणि दोन्ही राज्यांच्या फेऱ्या काही दिवस थांबल्या. घटना खऱ्या होत्या आणि निषेधार्ह होत्या. पण दोन्ही वेळा मोजकी दृश्यं दोन्ही भाषांत रात्रंदिवस फिरली. मराठी वाहिनीवर एक बाजू रक्तबंबाळ, कन्नड वाहिनीवर दुसरी. तेव्हा बेळगावच्या गणपत गल्लीत बाजार भरला होता का, हे कुणी दाखवलं नाही, कारण बाजार भरणं ही बातमी होत नाही.

अशा वेळी घटना नेमकी कुठे, कधी आणि किती माणसांत झाली ते शोधा. आगाराला विचारा. दोन्ही भाषा येत असतील तर दोन्हीकडची बातमी पाहा. आपल्या घराघरात ही सोय आहे आणि ती मुंबई-बेंगळुरूच्या प्रेक्षकाकडे नाही. दुसऱ्या भाषेतलं वाक्य भाषांतर करून गटात टाकताना त्यात स्वतःचा राग घालू नका. पलीकडच्या गल्लीत आपलीच सोयरीक असते.

दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना मात्र थेट प्रक्षेपणाला बंदीच आहे. 26/11 च्या वेळी वाहिन्यांनी जे दाखवलं त्यावर सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या निकालात कडक शब्दांत ताशेरे ओढले, आणि 2015 पासून केबल नियमांनुसार फक्त नेमलेल्या अधिकाऱ्याने वेळोवेळी दिलेली माहितीच दाखवता येते.

माझ्याकडे घटनेचा व्हिडिओ आहे. वाहिनीला पाठवू का?

आधी 112 ला फोन, मग व्हिडिओ. चित्रण करताना मोबाइल आडवा धरा आणि सुरुवातीलाच बोला: ‘आज अमुक तारीख, सकाळचे इतके वाजलेत, मी अमुक गावच्या पुलावर उभा आहे.’ हे एक वाक्य असलं की तो व्हिडिओ दुसऱ्या वर्षी दुसऱ्या गावाच्या नावाने फिरवणं अवघड होतं. मृतदेह, जखमींचे चेहरे, लहान मुलं टिपू नका. पैसे किंवा नाव हवं असेल तर पाठवण्याआधी लिहून मागा. पाठवल्यावर वाहिनीच्या हातात सगळं गेलेलं असतं. आणि मूळ फाइल जपून ठेवा, नुकसानभरपाईच्या वेळी तोच पुरावा होतो.

वाहिनीने चुकीचं दाखवलं. तक्रार कुठे करायची?

आधी वाहिनीकडेच, लेखी, शक्यतो सात दिवसांच्या आत: तारीख, वेळ, कार्यक्रम आणि काय चूक ते लिहा, पडद्याचा फोटो जोडा. जून 2021 च्या केबल नियमांनुसार वाहिनीने 24 तासांत पोच आणि 15 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. समाधान झालं नाही तर पुढच्या 15 दिवसांत ती वाहिनी ज्या स्वनियामक संस्थेची सदस्य आहे तिच्याकडे जाता येतं. वृत्तवाहिन्यांसाठी 2008 मध्ये न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली असं एक प्राधिकरण सुरू झालं, ते आजही तक्रारी ऐकतं. तिसरी पायरी केंद्र सरकारची. बातमी भाषिक गटांत तेढ वाढवणारी असेल, तर केबल कायद्याच्या कलम 19 खाली जिल्हाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा पोलीस आयुक्त केबलवरचं प्रसारण थांबवू शकतात. यूट्यूबवरच्या बातमीला हा केबल कायदा लागत नाही. तिथे यूट्यूबकडे तक्रार आणि गंभीर असेल तर पोलीस ठाणं.

कॅमेरे निघून गेल्यावर आमचे पंचनामे रखडतात. वाहिनीला परत कसं बोलवायचं?

नुसतं ‘या की ओ, आमचं कुणी बघंना’ म्हणून स्ट्रिंजर येत नाही, कारण डेस्क त्याला विचारतो की आज नवीन काय. ते नवीन तुम्ही तयार ठेवा. पडलेल्या घरांची यादी, प्रत्येक घराचा तारीख दिसणारा फोटो, अर्जाची पोच, पंचनामा कधी झाला, पैसे कधी आले किंवा किती कमी आले, हे एका कागदावर. बाजूच्या तालुक्यात भरपाई मिळाली आणि आपल्याकडे नाही असं असेल तर ते आकड्यासकट. सीमेपलीकडच्या गावाला त्याच पुरासाठी किती मिळाले तेही जोडा. एकाच नदीकाठच्या दोन गावांत दोन राज्यांची दोन मापं, ही बातमी मराठी आणि कन्नड दोन्ही डेस्क घेतात. कागद स्ट्रिंजरला द्या, बेळगावच्या दैनिकांना द्या आणि एक प्रत तहसीलदार कचेरीत देऊन शिक्का मारून घ्या.